नवरा फिल्डवर, घर सारोळ्यात: फौजीच्या कुटुंबाने उन्हाळा, पावसाळा, हिवाळा कसा सांभाळावा?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळच्या पुढे, नीरा नदीच्या अलीकडे सारोळे लागतं. भोर तालुक्यातलं हे महामार्गावरचं गाव. पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा सुरू. या सगळ्या पट्ट्यात पोरगा फौजेत असणं नवीन नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला.

फौजीच्या घराबद्दल बोलताना आपण पराक्रम, पेन्शन आणि कॅन्टीन यांवर थांबतो. घर चालवणाऱ्या बाईची अडचण मात्र साधी असते. पत्रा उडतो, मण्यार निघते, मुलाला रात्री दोन वाजता ताप चढतो, तेव्हा नवरा लडाखमध्ये किंवा अरुणाचलात असतो आणि फोन लागत नाही. घरात सासू-सासरे असतात, पण ‘त्याला विचारून ठरवू’ असं म्हणत निर्णय लांबतो.

म्हणून ऋतूनुसार तयारी करायची तर त्यात दोन गोष्टी येतात. कोणतं काम कधी करायचं, आणि तो नसताना कोणता निर्णय कुणी घ्यायचा.

आधी रजेचा हिशेब

सेनादलातल्या जवानाला वर्षाला साधारण ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर हे तीन महिने होतात, पण ती कधी मिळणार हे युनिटच्या गरजेवर ठरतं. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतल्या अग्निवीरांना वर्षाला ३० दिवसच रजा आहे. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असावा लागतो, त्यामुळे त्याच्या घरची सगळी भिस्त आई-वडिलांवरच असते.

आता हे दिवस वाटून बघा. गावची जत्रा चैत्रात, भातलावणी आषाढात, गणपती भाद्रपदात, दिवाळी त्यानंतर. शिवाय भावकीतलं लग्न. सगळ्यांना तो यायला हवा असतो आणि घराची कामंही तेव्हाच निघतात. माझ्या मते पाहुण्यांच्या आग्रहाला थोडा लगाम घालून एक मोठी रजा एप्रिल-मे महिन्यांत मागावी. मुलांना सुट्टी असते आणि पावसाआधीची दोन माणसांची कामं उरकतात. दर वर्षी हे जमेलच असं नाही. नाही जमलं तर ती कामं पैसे देऊन करून घ्यायची, पुढच्या रजेवर ढकलायची नाहीत. जूनमध्ये गळणारं छप्पर दिवाळीपर्यंत वाट बघत नाही.

मात्र रजेचे सगळे दिवस कामाला जुंपू नका. पहिले दोन-तीन दिवस झोप आणि घरचं जेवण, एवढंच. सत्यनारायण, पाहुणे, तालुक्याच्या फेऱ्या नंतर. उंचावरच्या थंड चौकीतून मे महिन्यात थेट भोरच्या उन्हात उतरलेल्या माणसाच्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. आल्या-आल्या भर दुपारी त्याला कौलांवर चढवणं धोक्याचं आहे. छपराची कामं सकाळी दहाच्या आत करावीत.

उन्हाळा: आगोटीच्या आधी

पावसाळा तोंडावर आला की त्या दिवसांना आपल्याकडे आगोट म्हणतात, आणि चार महिन्यांसाठी घरात भरून ठेवायच्या वस्तूंना आगोटीची बेगमी. डाळ-तांदूळ, मसाला, कुरडया-सांडगे, सरपण, गोवऱ्या. गावात दुकानं झाली आणि घरोघरी गॅस आला, तशी ही पद्धत मागे पडली. पण ज्या घरात बाहेर धावपळ करणारं एकच माणूस आहे, तिथे ती आजही उपयोगाची आहे. फक्त यादी थोडी बदलावी लागेल: भरलेला जादा सिलिंडर, चार्ज होणारा दिवा, पॉवर बँक, सासू-सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या किमान महिनाभराच्या, ओआरएसची पाकिटं, मुलांचं तापाचं औषध.

घराचं काम कौलारू आणि पत्र्याच्या घराला वेगळं असतं. कौलारू घराची शाकारणी मेअखेर व्हायला हवी. फुटकी कौलं बदलायची, वाशांना वाळवी आहे का ते ठोकून बघायचं. पत्र्याच्या घरात बोल्ट सैल झालेले असतात आणि त्याखालचे वायसर उन्हाने तडकतात. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो बहुतेक वेळा कडेचा. स्लॅबच्या घरात पन्हाळी आणि गच्चीवरची पाणी जायची भोकं साफ करणं हे अर्ध्या तासाचं काम असतं, आणि तेच राहून जातं.

मार्चमध्ये घरपट्टीची वेळ येते, तेव्हा एक गोष्ट विचारून घ्या. राज्य सरकारने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली. तिच्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घराच्या मालमत्ता करात सूट आहे. ती मिळवायला अर्ज करावा लागतो. कागदपत्रं कोणती लागतात ते ग्रामपंचायतीत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळेल.

आणि रजा संपायच्या आत एका वहीत या गोष्टी लिहून ठेवा: त्याचा आर्मी नंबर, रँक, युनिटचं पूर्ण नाव आणि एपीओचा पत्ता, युनिटच्या कार्यालयाचा फोन, बरोबरच्या दोन गाववाल्या किंवा ओळखीच्या जवानांच्या घरचे नंबर. पूर्वी घरी कुणी आजारी पडलं की तार जायची आणि तार दाखवून रजा मिळायची. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. आता युनिटला फोन आणि डॉक्टरांच्या सहीचा कागद, यावर काम होतं. पण फोन कुठे करायचा हेच ठाऊक नसेल तर तिथेच सगळं अडतं.

पावसाळा: चार महिने आणि चार धोके

सारोळ्यात पाऊस बेताचा असतो. तालुक्याच्या पश्चिमेला, वरंध घाटाकडे किंवा शेजारच्या वेल्हे तालुक्यात (आता राजगड) तो कितीतरी पटींनी जास्त. त्यामुळे एकच सल्ला सगळ्या भोरला लागू पडत नाही.

वीज मात्र सगळीकडे सारखीच. कपडे वाळत घालायला घराच्या पत्र्याला किंवा खांबाला बांधलेली लोखंडी तार आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. ओल्या भिंतीतून किंवा सोललेल्या वायरमधून पत्र्यात करंट उतरला की तो तारेतही येतो, आणि ओले कपडे टाकायला गेलेली बाई त्यात सापडते. तिला सोडवायला धावलेलं माणूसही जातं. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करायचा, मगच हात लावायचा. गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला तर उत्तमच. तो सुतार-गवंड्याकडून बसवू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. बाहेरची तार तुटून पडली असेल तर महावितरणचा नंबर १९१२.

दुसरा धोका सापांचा. आपल्याकडचे माणसाला घातक असे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातल्या मण्यारीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावा इतका बारीक असतो की झोप मोडत नाही, खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी अशी लक्षणं दिसली तर साप दिसलेला नसला तरी थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही, साप मारून पिशवीत भरून न्यायचीही गरज नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल तर मिळेल त्या गाडीने निघायचं.

टाळण्याचा उपाय स्वस्त आहे: खाट, आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. लाकडं आणि गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नये. विंचवाच्या बाबतीतही हेच. वरंध घाट उतरला की महाड येतं. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणात त्यामुळे असंख्य जीव वाचले. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

तिसरा धोका डोंगराचा, आणि तो पश्चिमेकडच्या वाड्या-वस्त्यांना. ३० जुलै २०१४ ला याच जिल्ह्यातलं आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. १५० हून अधिक माणसं गेली. डोंगर खचण्याआधी बऱ्याचदा काही खुणा दिसतात: उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं किंवा खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं. अशा वेळी घर सोडायचा निर्णय दहा मिनिटांत घ्यावा लागतो. फौजीच्या घरात तो लांबतो, कारण ‘त्याने कष्टाने बांधलेलं घर’ सोडायचं कुणी ठरवायचं? हे रजेतच बोलून घ्या, आणि त्यानेच आपल्या आई-वडिलांसमोर स्पष्ट सांगावं: अशा वेळी ही म्हणेल तेव्हा निघायचं, मला विचारायला थांबायचं नाही. सुनेने स्वतः हे सांगणं आणि मुलाने सांगणं यात फरक पडतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

चौथा धोका कागदांचा. जीव जात नाही, पण वर्षं जातात. डिस्चार्ज बुक, पीपीओ, लग्नाची आणि मुलांची नोंद असलेला पार्ट टू ऑर्डरचा कागद, अवलंबितांचं कार्ड, सातबारा. हे सगळं काळ्या पेटीत असतं आणि पेटी असते सगळ्यात ओलसर कोपऱ्यात. पेटी विटांवर ठेवा, कागद झिप असलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला, प्रत्येकाचा स्कॅन दोघांच्याही फोनमध्ये आणि एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा. पत्नी किंवा मुलाचं नाव सैन्याच्या नोंदीत आणि आधारवर वेगवेगळं असेल तर ते आत्ताच, तो नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. नंतर पेन्शनच्या वेळी एका वेलांटीसाठी खेटे घालावे लागतात.

भातखाचरात उतरणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर गमबूट घालावेत. लावणीनंतर ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन डॉक्टरांना तसं सांगावं. लावणीला माणूस मिळत नसेल तर पूर्वीची इर्जिक आठवा. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. फौजीच्या घरी पुरुष नाही म्हणून मदत मागायला संकोच होतो. इर्जिकीत परतफेड असते, त्यामुळे तो होत नाही.

घराला कुलूप लावून क्वार्टरमध्ये जाताना

नवऱ्याची बदली पीस स्टेशनला झाली की दोन-तीन वर्षांसाठी बायको-मुलं त्याच्याकडे जातात. गावचं घर बंद राहतं. मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवलेला, टाकी रिकामी, गाद्या उभ्या करून झाकलेल्या, एक झरोका जाळी लावून उघडा. बंद घराला बुरशी लागते ती हवा न खेळल्यामुळे. किल्ली शेजारी द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा दारं उघडायला सांगा.

आणि आपण कुठे निघालो, कुठलं युनिट, कोणती गाडी, हे फेसबुकवर टाकू नका. जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. नियम जवानाला असतो, फोटो मात्र घरचे टाकतात. ‘साहेब निघाले ड्युटीवर’ या स्टेटसमधून घरात आता कोण नाही हेही कळतं. गणवेशातला फोटो उचलून ‘मी आर्मीत आहे, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात विकतोय’ असं सांगणारे ठगही आहेतच.

सणाचे दिवस आणि मनाचं काय?

गणपतीत आणि दिवाळीत त्याचं नसणं जास्त बोचतं. शेजारच्या दारात चार माणसं आकाशकंदील लावत असतात. या दिवसांत ‘तू तर फौजीची बायको, तुला सवय असेल’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अशी सवय कुणाला होत नसते. झोप उडणं, कारण नसताना मुलांवर ओरडणं, जेवणावरची वासना जाणं, फोन वाजला की छातीत धडधडणं हे दोन-तीन आठवडे टिकलं तर बोलायला हवं.

त्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. १ डिसेंबर २०२३ ला पुण्यात, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे एएफएमसीत, खास जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा कक्ष उघडला. समोरच्याला फिल्ड, पीस, पोस्टिंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, ही त्यातली सोय. ‘आवा’ ही जवानांच्या कुटुंबांसाठीची संघटना १९६६ पासून काम करते. छावणीत राहणाऱ्यांना ती माहीत असते, गावात राहणाऱ्या बायकांपर्यंत ती फारशी पोचत नाही. नवऱ्याच्या युनिटमार्फत संपर्क मागता येतो.

मुलांच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. पोरगं झोपेत असताना बाप पहाटे निघून जातो, रडू नये म्हणून. मग ते पुढच्या रजेत रात्रभर बापाचा शर्ट धरून झोपतं. आदल्या दिवशी सांगावं, कॅलेंडरवर खूण करून द्यावी, बॅग भरताना त्याला एखादी वस्तू ठेवू द्यावी. रडेल, पण तुमच्यासमोर रडेल.

तो परत येतो तेव्हाही घडी विस्कटते. सहा महिने घर तुम्ही चालवलेलं असतं, आणि तो आल्या दिवशी विचारतो, ‘हे इथे कुणी ठेवलं?’ त्याला हुकमी शिस्तीची सवय, तुम्हाला एकटीने निभावण्याची. पहिला आठवडा घराची घडी तशीच राहू द्यायची आणि बदल त्यानंतर बोलायचे, असं ठरवलं तर बरेच खटके टळतात.

हिवाळा: थंडी इथली आणि तिथली

सारोळ्याची थंडी शालीत भागते. ऑक्टोबरात पाऊस उघडला की गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवावं, एवढंच. खरा धोका तेव्हा, जेव्हा आपल्याकडचं कुटुंब पठाणकोट, अंबाला, जम्मूच्या क्वार्टरमध्ये पहिला हिवाळा काढतं. खिडक्या-दारं गच्च लावून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं जीवघेणं आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. तान्ह्या बाळाच्या खोलीत तर शेगडी नकोच. झोपण्याआधी शेगडी बाहेर आणि खिडकीची फट उघडी. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावणं हाही तोच प्रकार आहे, आणि तो पुण्यात आणि साताऱ्यातही होतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा.

याच दिवसांत उत्तरेकडच्या खिंडी बर्फाने बंद होतात आणि फोन दोन-दोन आठवडे येत नाही. रजेवरून परतलेला जवान उंच चौकीवर लगेच जात नाही हेही लक्षात ठेवा. नऊ हजार फुटांच्या वर जायचं तर हवामानाची सवय करून घ्यायला उंचीनुसार सहा ते चौदा दिवस टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं. हे आधी ठाऊक असलं की पहिल्या पंधरवड्यातल्या शांततेचा वाईट अर्थ काढला जात नाही. ‘बातमी नाही म्हणजे ठीक आहे, वाईट बातमी युनिट स्वतः कळवतं’ हे सासूबाईंनाही एकदा सांगून ठेवा. टीव्हीवरच्या चर्चा त्या काळात बंद ठेवलेल्या बऱ्या.

दवाखान्याचं गणित वेगळं आहे. नोकरीत असलेल्या जवानाचे अवलंबित लष्करी रुग्णालयात जातात. सारोळ्याहून पुण्यातलं वानवडीचं कमांड हॉस्पिटल गाठता येतं. निवृत्त फौजी ईसीएचएसमध्ये येतात. ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि तिची पॉलिक्लिनिक पुण्यातही आहेत, साताऱ्यातही. थंडीत पहाटे आजोबांच्या छातीत दुखू लागलं तर मात्र पॉलिक्लिनिक उघडायची वाट बघू नका. सगळ्यात जवळच्या रुग्णालयात न्या. ते ईसीएचएसच्या यादीत नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि सगळी बिलं जपून ठेवा.

नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. संरक्षण पेन्शन आता ‘स्पर्श’ पोर्टलवरून येते, त्यामुळे आपला दाखला कधीपर्यंत चालतो ते तिथे बघून घ्यावं. शेतात राबलेल्या आजोबांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते ओळखत नाही. त्यासाठी जीवन प्रमाणमध्ये २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. नातवाच्या फोनवर, अंगणातल्या उजेडात, पाच मिनिटांत काम होतं.